सापडलेल्या वस्तूंची वही

दुपारी तीन ते साडेतीन, लिनन रूममध्ये,
धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून
आम्ही इंग्रजी शिकतो.
मिस इस्मेनियाकडे छडी नाही,
पडद्याची जुनी दांडी आहे.

या आठवड्यात एकच क्रियापद: कीप.
सोपं आहे, म्हणाली, कीप म्हणजे ठेवणे.
मी लिहून घेतलं. पेनाला टोपण लावलं.

टोपण काढावं लागलं लगेच.
कीप क्वाएट: इथे काही ठेवायचं नाही, गप्प राहायचं.
मग कुत्रा आला आणि दिलेला शब्द आला,
दोन्ही पाळायचे.
कीप लेफ्ट मला आधीच ठाऊक होतं.
धारगळहून म्हापशाला येताना
ड्रायव्हर सोडून अख्ख्या बसला ठाऊक असतं.
कीप गोइंग म्हणजे चालत राहा,
तीन माळे, अठ्ठावीस खोल्या, जिन्याने.

बुधवारी भूतकाळ, केप्ट.
त्याचा एक अर्थ मिसने भरभर ओलांडला
आणि रोशल खाली बघत
उशीच्या अभ्र्याची शिवण उसवू लागली.
आपल्याकडेही तो शब्द ठेवण्यावरूनच होतो.
एवढ्या एका बाबतीत
दोन्ही भाषांचं लगेच जमलं.

मी विचारलं, मिस, नावं ठेवतात त्याला काय म्हणायचं?
हॉटेलात काम करते म्हणून वाड्यावरच्या बाया माझी ठेवतात, ती?
दे कीप नेम्स म्हणालीस, तर अर्थ होईल
त्या तुझं नाव जपून ठेवतात.
सगळ्या हसल्या. मीही.
संध्याकाळच्या बसमध्ये ते वाक्य
दोनदा म्हणून बघितलं.

माझा तन्वेश कापणी झालेल्या शेतात
दोन बांबूंच्या मध्ये उभा राहतो.
त्याला म्हटलं, कीपर म्हणजे ठेवणारा.
मी कुठे ठेवतो, म्हणाला,
बॉल हातात आला की लाथ मारून परत देतो.
मग राखणारा, मी म्हटलं, राखणदार.
असं बोलू नकोस, म्हणाला, आणि बांधाकडे पाहिलं.
तिथे राखणदाराचा दगड आहे, वर्षाला रोट घेतो.
बॉल तिकडे गेला तर बूट काढून आणावा लागतो.

दोनशे सातमध्ये एकटे गृहस्थ होते, बारा दिवस.
पलंगावरच्या दुसऱ्या उशीवर
बायकी चष्मा, काड्या मिटलेला.
पहिल्या दिवशी मी तो टेबलावर ठेवला.
दुसऱ्या दिवशी परत उशीवर.
मग मी चादर बदलायची, उशी थोपटायची
आणि चष्मा होता तिथे, काचा वर करून.
जाड भिंगं. डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा.
नळाच्या तोट्यासुद्धा पुसते मी.
तो ठसा नाही पुसला.

शुक्रवारी गेले. कपाखाली पाचशेची नोट,
चष्मा उशीवर.
सापडलेल्या वस्तूंच्या वहीत मी नोंद केली,
तारीख, खोली, वस्तू, कुणाला सापडली.
मिसने मेल पाठवला.
उत्तर आलं दोन शब्दांचं: प्लीज कीप.

सांभाळा, मी येतोय?
की ठेवून घे, तुलाच?
की नुसतं ठेव, होता तिथे?
मिस दांडी टेकून बराच वेळ उभी राहिली.
वाक्य अपुरं आहे, म्हणाली,
यात कर्म लिहिलेलं नाही.

दोनशे सातमध्ये आता नाशिकचं जोडपं आहे,
दोन्ही उशा एकाच बाजूला असतात.
चष्मा माझ्या लॉकरमध्ये, हातरुमालात.

वहीत शेवटचा एक रकाना असतो,
वस्तूचं काय केलं.
तो इंग्रजीतच भरावा लागतो.
मी लिहिलं, कीपिंग.

चालू वर्तमानकाळ
मिस सोमवारी घेणार आहे.